बापूंच्या फियाटचे ब्रेक

गेवराईत जुन्या हायवेच्या कडेला आश्रुबा मिसाळचं गॅरेज आहे. बायपास झाल्यापासून त्या रस्त्यानं मोठी वाहनं येत नाहीत, पण ज्याच्या गाडीचा ब्रेक धरत नाही तो अजून वाट वाकडी करून आश्रुबाकडंच येतो. इंजिनाला दुसरे मिस्त्री आहेत, गिअरला दुसरे. ब्रेकला आश्रुबा. तेहतीस वर्षं झाली, पत्र्याच्या शेडवर पाटी नाही आणि कधी तिची गरजही पडली नाही.

मागच्या फाल्गुनात एका सकाळी त्याच्या दारात टेम्पोवरून एक फियाट उतरवली. नवाकोरा दुधी रंग, काचा लखलखीत, बंपर तर असा की तोंड बघून घ्यावं. आश्रुबा हात पुसत पुढं आला, नंबर वाचला आणि होता तिथंच थांबला. दहा महिन्यांपूर्वी याच गाडीत त्याचा धाकटा भाऊ परमेश्वर गेला होता.

गाडी उमापूरच्या सुंदररावांची. आता ते ऐंशीला टेकलेत. एकेकाळी पंचायत समिती त्यांच्या शब्दावर हलायची, आणि या फियाटचा आवाज आला की बसस्टँडवरची माणसं उठून उभी राहायची. सगळा मुलूख त्यांना बापू म्हणतो. परमेश्वर त्यांच्या गाडीवर बावीस वर्षं ड्रायव्हर होता. त्याला स्टेअरिंग धरायला शिकवलं आश्रुबानं आणि बापूंकडं चिकटवलंही आश्रुबानंच. आई-बाप साखर कारखान्यांच्या मागं फिरत ऊस तोडून गेले. आपल्या भावाच्या हातात कोयता यायला नको, एवढी एकच गोष्ट त्यानं मनाशी धरली होती, आणि ती साधली म्हणून तो समाधानी होता.

अपघात झाला तो वैशाखातल्या दाट लग्नतिथीचा दिवस. धारूरला दुपारचं लग्न, सिरसाळ्याला संध्याकाळचं. दोन्हीकडं बापूंनी गेलंच पाहिजे, नाहीतर माणसं वर्षभर तोंड फिरवतात. धारूरहून तेलगावकडं घाट उतरताना गाडी सुटली. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर, समोर वळण. परमेश्वरनं गाडी उजवीकडं घातली आणि डोंगराला घासत नेली. कातळाला लागली ती त्याचीच बाजू. मागं डावीकडं बसलेले बापू खुब्याचं हाड मोडून वाचले. परमेश्वर जागेवर गेला.

पंचनाम्यात लिहिलं, चालकाचा ताबा सुटला. बापू दवाखान्यात होते, त्यांच्या वतीनं थोरला मुलगा रविराज बोलला. म्हणाला, उन्हानं डुलकी लागली असेल. गावात त्या डुलकीची बाटली व्हायला आठवडा लागला नाही. लग्नात घेतली असंल, लोक म्हणू लागले. ज्या माणसानं माळ घातली होती, सुपारीचं खांडसुद्धा ज्याच्या तोंडात कधी गेलं नाही, तो मेल्यावर दारूडा झाला.

गाडीसोबत रविराज आला होता. चाळिशी उलटलेला, नीटनेटका, हातात मोठा फोन.

"मिस्त्री, पुढच्या महिन्यात बापूंचं सहस्रचंद्रदर्शन करतोय," तो म्हणाला. "गावातून मिरवणूक काढायची, ह्याच गाडीतून. बॉडी संभाजीनगरला करून आणली. पण बापू अडून बसलेत. ब्रेक बदलल्याशिवाय बसणार नाही म्हणतात. आणि ते काम तुमच्याच हातनं झालं पाहिजे म्हणतात."

"माझ्याच हातनं?"

"हो. डिस्क ब्रेक टाकायचे. मी सगळं बघून ठेवलंय." त्यानं फोनवर चित्रं दाखवली. एक तयार सेट होता, दक्षिणेकडून पार्सलनं येणारा. चकती, तिला दोन्हीकडून चिमटणारा कॅलिपर, पट्ट्या, सगळं रंगवलेलं. दुसरा मार्ग म्हणजे भंगारातल्या मारुतीची पुढची डिस्क काढून प्लेट बनवून बसवायची. "तुम्हाला पटेल ते निवडा. फक्त बापूंना सांगा की आता गाडी जागच्या जागी थांबते."

नाही म्हणायचं आश्रुबाच्या ओठांवर आलं होतं. पण तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. दहा महिने तो ही गाडी बघायला गेला नव्हता. बघायची नव्हतीच त्याला.

"ठिवा गाडी," तो म्हणाला.

रविराज गेल्यावर त्यानं शेडचा अर्धा पत्रा ओढून घेतला, गाडी जॅकवर चढवली आणि खाली सरकला. बॉडीवाल्यांनी वरचं सगळं नवं केलं होतं. खालचं तसंच होतं. मातीचे थर, काळं तेल. मागच्या चाकांकडं ब्रेकचं ऑइल नेणारी वितभर रबरी होज फाटून लोंबत होती. फट चांगली नखभर लांब. कडेला रबर फुगलेलं, वाळलेल्या पेरूसारखं चिरा पडलेलं.

त्या चिरा त्यानं आधी पाहिल्या होत्या.

अपघाताच्या तीन आठवडे आधी परमेश्वरनं गाडी इथंच आणली होती. आश्रुबानं चारी चाकांचे ब्रेक लायनर बदलले आणि सवयीनं होज चिमटीत दाबून पाहिली. रबर कडक झालं होतं. "ही बदलाया लागंल," तो म्हणाला. तशी होज गेवराईत मिळत नव्हती, बीडहून मागवावी लागली असती. परमेश्वर म्हणाला, "किती दिस जातील? बापूंच्या रोज दोन-दोन तिथी हायत. ते थांबतेत व्हय?" आश्रुबानं पुन्हा एकदा दाबून पाहिली. तेल गळत नव्हतं. "बरं, लगीनसराई उरकली की घिऊन ये," तो म्हणाला, आणि हात धुतले.

तो गाडीखाली तसाच पडून राहिला. ती फाटकी होज त्यानं किती वेळ धरून ठेवली होती, त्याला कळलं नाही. बाहेर एक रिक्षावाला दोनदा हाका मारून गेला.

त्या दिवशी त्यानं घरी काही सांगितलं नाही. बायको वत्सलाबाई म्हणाली, "ती गाडी कावून घेतली वो? दुसऱ्या कुनाकडं पाठवायची." तो म्हणाला, "काम हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं काम सुरू केलं, आणि असं केलं, जसं आजवर कुठल्याच गाडीचं केलं नव्हतं. रविराजचा तयार सेट त्यानं आणवला, चाकावर लावून पाहिला. कॅलिपर रिमला घासत होता. तो बसवायचा तर मोठी चाकं घालावी लागली असती. रविराजला ती कल्पना फार आवडली, पण आश्रुबानं साफ नाही म्हटलं. रुंद चाकांनी एवढ्याशा गाडीचं स्टेअरिंग जड होतं, आणि वळणावर जड स्टेअरिंग काय करतं ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सेट परत गेला. मग तो संभाजीनगरच्या भंगारात दोन दिवस हिंडला आणि एका कमी चाललेल्या मारुतीच्या चकत्या आणि कॅलिपर घेऊन आला. त्या रिमच्या आत नीट बसत होत्या. फक्त मधे जोडप्लेट हवी होती.

प्लेटसाठी बीडला लेथवाल्या सुग्रीवकडं गेला. सुग्रीव त्याचा जुना सोबती. त्यानं माप घेतलं, पोलादाचा जाड तुकडा निवडला आणि म्हणाला, "आश्रुबा, ब्रेकची प्लेट म्हंजे जिवाचं काम. उद्या काय झालं तर माझं नाव कुठं घिऊ नको."

"न्हाई घेत. माझंच घीन," आश्रुबा म्हणाला. सुग्रीवनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मशीन चालू केलं.

पण डिस्क हे काम अर्धंच आहे, हे आश्रुबाला ठाऊक होतं. जुन्या गाड्यांचा बंद ड्रम ब्रेक आतून तापतो आणि उतारावर ढिला पडतो, डिस्क वाऱ्यावर उघडी असते म्हणून तापून दमत नाही, हे खरं. पण तिला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टर टाकावा लागतो. आणि खरी गोष्ट त्याच्याही मागची. या जुन्या फियाटच्या चारी चाकांना एकाच वाटेनं ऑइल जातं. कुठं एका ठिकाणी फुटलं की चारी चाकं मोकळी. डिस्क असो का ड्रम, पेडल तळाला जातं आणि पायाखाली काहीच उरत नाही. म्हणून त्यानं पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा शोधला. पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तर दुसरी धरते. सगळे पाइप नवे ओढले, तिन्ही होज नव्या घातल्या. फाटकी जुनी होज त्यानं एका फडक्यात गुंडाळून ठेवली.

काम होत आलं तेव्हा बापू स्वतः आले. रविराजनं त्यांना मोठ्या गाडीतून आणलं आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून तो बाहेर रस्त्यावर बोलत राहिला. बापू वॉकर टेकत टेकत शेडमध्ये आले. आश्रुबानं खुर्ची पुसून दिली. म्हातारा पार वाळला होता, कोपरीच्या बाह्या हातांवर ढिल्या पडल्या होत्या.

"झालं का रं आश्रुबा?"

"झालं बापू. पुढं डिस्क, बूस्टर, समदं नवं."

"आता थांबती?"

"थांबती."

बापूंनी गाडीकडं पाहिलं. "आधीच टाकली असती ही डिस्क, तर परमेश्वर वाचला असता. न्हाई?"

आश्रुबाला हो म्हणता आलं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं. त्यानं फळीवरचं फडकं काढलं आणि होज बापूंच्या हातात दिली.

"न्हाई बापू. डिस्क असती तरी थांबली नसती. ही फुटली. ही फुटल्यावर कायच काम करत न्हाई. परमेश्वर झोपला न्हवता." त्यानं होजच्या चिरांकडं बोट केलं. "आन ही वाळलेली व्हती ते मला दिसलतं. तीन हप्ते आधी. लगीनसराई उरकली की बदलू म्हनलो मी."

बापू होजकडं बघत राहिले. त्यांचा अंगठा त्या फटीवरून फिरत होता. ते रागावतील, ओरडतील, काठी असती तर उगारतील, असं आश्रुबाला वाटत होतं. वाटत कसलं, हवंच होतं.

"त्यानं मला सांगितलतं," बापू म्हणाले.

"काय?"

"घाटाच्या तोंडाला. म्हनला, बापू, पाय खाली जायलाय, ब्रेक मऊ लागतोय. वर धाब्यापशी थांबू, कुनाला तरी बलावू. मी म्हनलो, चल रं, तिकडं अक्षता पडतील. हळूहळू चल." त्यांनी होज मांडीवर ठेवली. "त्यो चलला. बावीस वरसांत मी चल म्हनलो आन त्यो चलला न्हाई, असं कधी झालं न्हाई."

बाहेर रविराज फोनवर मंडपाचं बोलत होता. आश्रुबाला रडू आलं नाही, म्हाताऱ्यालाही नाही.

"लोक त्याला पिलेला म्हनतेत," शेवटी आश्रुबा म्हणाला.

"ठाव हाय मला."

"तुमी कायच बोलला न्हाईत बापू."

"तू बी न्हाई बोललास."

परमेश्वरचं वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. बापू म्हणाले, मी येतो. आश्रुबानं मान हलवली. रविराजला यातलं काही सांगितलं नाही.

गाडी परत देण्याआधी आश्रुबानं ती एकदा धारूरच्या घाटात नेली. सोबत सुग्रीव होता. भरदुपारी, ऊन वर आलेलं असताना, तो घाट तीनदा उतरला. तिसऱ्यांदा त्या वळणाच्या अलीकडं त्यानं पाय दाबला आणि गाडी नाक खाली घालून जागच्या जागी उभी राहिली. कातळावर अजून रंगाचा पांढरट ओरखडा होता. सुग्रीव म्हणाला, "लई भारी धरतीया." आश्रुबानं गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली. हे सगळं करायला त्याला बारा दिवस लागले होते. होज बदलायला अर्धा तास लागला असता.

वर्षश्राद्धाला उमापुरात परमेश्वरच्या दोन खोल्यांपुढं मांडव घातला होता. भजन झालं, महाराज उठले, पंगत बसायची तयारी सुरू झाली, तेवढ्यात बापू आले. गडबड उडाली. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. बापू खुर्चीत बसले नाहीत. वॉकर धरून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"परमेश्वर पिलेला न्हवता. झोपला बी न्हवता. ब्रेक मऊ पडलाय म्हनून त्यो थांबा म्हनत होता, मीच थांबू दिलं न्हाई. मला वाचवाया त्यानं गाडी आपल्या अंगावर घेतली. रविराजनं जे सांगितलं ते खोटं हाय आन मी वरीसभर गप बसलो."

आश्रुबा उठला. त्यानं होजचं सांगितलं. कधी पाहिली, काय म्हणाला, सगळं. सांगून झाल्यावर कुणाकडं बघावं ते त्याला कळेना, म्हणून तो खालच्या सतरंजीकडं बघत राहिला.

दारात परमेश्वरची बायको संगीता शाळकरी मुलीचा हात धरून उभी होती. ती म्हणाली, "हे कागदावर लिहून देनार का?"

"देतो," बापू म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि आश्रुबानं ठाण्यात जाऊन जबाब दिले. साहेबांनी लिहून घेतले, फायलीला लावतो म्हणाले. त्याचं पुढं काय झालं ते आजतागायत कुणी कळवलेलं नाही. रविराजनं बापाशी बोलणं टाकलं. सहस्रचंद्रदर्शन घरातल्या घरात उरकलं, बापूंच्या बायकोनं, छबुबाईंनी, त्यांना ओवाळलं तेवढंच. मिरवणूक निघाली नाही.

त्या श्राद्धाच्या दुपारी पंगती उठल्यावर घरची माणसं जेवायला बसली. संगीतानं आजवर थोरल्या दिरासमोर कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता, की त्याच्याशी थेट दोन शब्द बोलली नव्हती. जे सांगायचं ते वत्सलाबाईंमार्फत. त्या दिवशी ती आली आणि त्याच्या ताटासमोर बसली.

"दादा, ह्यांच्या माघारी दर रविवारी तुमी यायलात. किती रविवार झाले?"

आश्रुबानं घास ताटात ठेवला. "पन्नासेक झाले असतील."

"पन्नास येळा माझ्या हातचं जेवलात. बायका नळावर मला ऐकवायच्या, तुझा नवरा पिऊन मेला म्हनून. मी इथं येऊन रडायची, जाऊबाईजवळ. तुमी बाहेर बसून ऐकत व्हता."

"व्हय."

"तवा ठाव व्हतं तुमाला."

"पक्कं न्हवतं ठाव. पन..." वत्सलाबाई मधे पडायला गेली, "संगीता, अगं..." संगीतानं हात वर केला.

"बदलायची राहिली त्याचं मी कायच म्हनत न्हाई. काम राहतं मानसाचं. बोलला न्हाईत त्याचं म्हनते." ती उठली. "जेवा. भरल्या ताटावरनं उठू नका. पन आता रविवारी यिऊ नका."

आश्रुबा जेवला. ताटातलं सगळं संपवलं, शीत ठेवलं नाही. नंतर वत्सलाबाई सांगायची की घास गिळताना एवढा त्रास होताना तिनं माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. किराणा वत्सलाबाई नेऊन द्यायची. तो संगीतानं दोन महिने घेतला, मग नको म्हणाली.

दिवाळी झाली आणि उसाच्या टोळ्या निघायला लागल्या. एका सकाळी वत्सलाबाई चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, "संगीता निघाली. भावाच्या टोळीत. पोरीला बीडच्या वसतिगृहात ठिवलंय. आज गेवराईवरनंच जानार हायत." आश्रुबानं चहाला हात लावला नाही. जॅक उचलला, पान्यांची पेटी घेतली आणि चालत डिझेल पंपाकडं गेला.

ट्रॅक्टर तिथं उभाच होता. मागं दोन ट्रॉल्या. त्यांत माणसं, भांडी, गोधड्या, चुलीची लाकडं, दोन शेळ्या. ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच. एवढा सगळा संसार थांबवायचा तो पुढच्या ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांच्या दोन पेडलांवर. आश्रुबानं ड्रायव्हरला, अभिमन्यूला, अर्धा तास मागितला.

"काय काका, मुकादम बोंबलतोय फोनवर," अभिमन्यू म्हणाला. "ब्रेक लागतेत की चांगले."

"डावा-उजवा सारखा लागतो का?"

"जरा उजवीकडं वढतंय. तेवढं चालतं."

"न्हाई चालत."

अभिमन्यू पुढं काही बोलणार होता. मागच्या ट्रॉलीतून बाईचा आवाज आला, "करू दी त्यांना." आश्रुबानं मान वर केली. गोधड्यांच्या ढिगावर संगीता बसली होती, मांडीत फडक्यात गुंडाळलेला कोयता. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. त्यानं दोन्हीकडचे ब्रेक उघडून साफ केले, सारखे केले, दोन्ही पेडलं एकत्र बांधणारी गंजलेली पट्टी बदलली. मोकळ्या जागेत ट्रॅक्टर चारदा पळवून चारदा थांबवायला लावला. मग बाजूला झाला. अभिमन्यूनं गिअर टाकला, माणसांनी ट्रॉलीच्या कडा धरल्या, आणि ट्रॅक्टर धूर सोडत हायवेला लागला. आश्रुबा जॅक हातात घेऊन पंपाच्या कडेला उभा राहिला. संगीतानं मागं वळून पाहिलं नाही.